गंजवलेला उंट

मंगळवार, दुकान बंद करून आल्यावर

डोकं अजून तापलेलंच आहे. जुन्या पितळी वस्तूंच्या आमच्या दुकानात मी फावल्या वेळात तारेची जनावरं करतो, ती निव्वळ हौस म्हणून. परवाच एक उंट केला होता, चष्मेवाला, वाकड्या शेपटाचा. दिलीपने, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, मला न विचारता तो मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवला आणि समयांच्या शेजारी मांडला!

आज एक बाई आल्या, तर म्हणतो कसा, "शंभर वर्षांचा आहे ताई, घोटीकडच्या एका घरातला."

बाई हरखल्या. "ते वाकडं शेपूट बघा! असा हात आता कुणाचा राहिलाय?"

मी समोरच, पक्कड हातात घेऊन उभा. दिलीपने डोळ्याने खूण केली आणि मी गप्प बसलो. का बसलो?

नंतर वर मलाच म्हणतो, "अण्णा, तुझंच कौतुक झालं की!" माझं? कुठल्या तरी मेलेल्या माणसाचं झालं ते.

आत्ता दुसरा उंट केला. रागाने शेपूट सरळ ठेवलं, पण तो माझा वाटेना. वाकवलं पुन्हा. आणि पोटावर तारेनेच यंदाचं साल वळवलं. घाल म्हणावं आता मिठाच्या पाण्यात.