रोड नॉइज

२ ऑक्टोबर

आज चौकात वाघिणीने स्वतःहून यू-टर्न घेतला. वाघीण म्हणजे माझी लाल टू-सीटर स्पोर्ट्स कार. सेकंडहँड असली तरी वाघीण ती वाघीण. रस्ता जरासा ओला होता. ब्रेकवर हलकेच पाय ठेवला, आणि बघतो तर मघाशी मागे असलेला बेकरीचा टेम्पो एकदम समोर! टेम्पोवाला काय बोलला ते लिहीत नाही. रोजनिशी स्वच्छ ठेवायची आहे.

घाबरलो वगैरे अजिबात नाही. उतरताना पाय लटपटले ते सीट खाली असल्यामुळे. घरी चालत आलो. तेवढाच व्यायाम. गाडी नंतर मेहुण्याने आणून लावली.

संकल्प: टायर बदलणे. स्वस्तात, पण अभ्यास करून.

३ ऑक्टोबर

टायरवाल्याकडे गेलो. मेहुणा चालवत होता, मी शेजारी. (त्याला स्पोर्ट्स कारचा अनुभव मिळावा म्हणून.) टायरवाला बाहेर आला, वाकला, उठला आणि म्हणाला, पूर्ण गोटा झालाय की हो साहेब. मी नेमकी टोपी काढून घाम पुसत होतो. मी त्याला शांतपणे सांगितलं की हे आमच्याकडे पिढीजात आहे, वडिलांचंही चाळिशीतच झालं होतं. त्याने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग टायरवर हात फिरवून पुन्हा म्हणाला, पूर्ण गोटा. नक्षी सगळी गेली आहे, पकड राहिलेली नाही, कधीही दगा देईल.

मेहुणा एवढं हसायला नको होता.

टायरवाला पुढे म्हणाला की या गाडीला पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद लागतात, माप लिहून घ्या. मी म्हणालो, माहीत आहे. (नव्हतं. आता आहे, म्हणजे लिहून घ्यायची गरज नाही.) चांगल्या कंपनीच्या चार टायरची किंमत सांगितली. ऐकून मी टोपी परत घातली.

५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. अठराला सकाळी विमानाने येतेय. बाबा, तुम्ही एकटेच घ्यायला या म्हणाली. टॅक्सी नको, आई नको, तुमच्या त्या लाल गाडीतच बसू, मला बोलायचंय. मी म्हणालो, वाघीण तयार आहे. मध्ये घाट आहे ना, बाबा, असं तिने विचारलं. मी म्हणालो, घाट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

दोन मोठ्या बॅगा मावतील का, असंही विचारत होती. चार दिवसांच्या सुट्टीला दोन मोठ्या बॅगा! हल्लीच्या मुलींना कपड्यांचं वेडच आहे.

फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो. मग परत प्यायलो. सगळी नोकरी इन्शुरन्समध्ये अपघाताचे दावे तपासण्यात गेली. घाट, पाऊस आणि गोटा टायर हे तीन शब्द एकत्र आले की फाइल मी वेगळ्या कपाटात ठेवायचो. ते कपाट आज दुपारभर डोळ्यांसमोरून हललं नाही. कारण समजत नाही. बहुधा अॅसिडिटी.

७ ऑक्टोबर

टायर या विषयावर सखोल अभ्यास सुरू. मेहुण्याचं मत, रिमोल्ड घ्या. म्हणजे जुन्याच टायरवर नवीन साल चढवायची. अशी साल घाटात सुटून आलेला एक दावा मी पाहिला होता. फोटोसकट. मेहुण्याला म्हणालो, तुझी बहीण विधवा करायची आहे का? तो म्हणाला, एवढी भीती वाटत असेल तर मी चालवतो, मी आणतो तिला. अरे, गाडी टू-सीटर आहे! मी मागे राहू की लेकीला बॉनेटवर बसवू? शिवाय भीतीचा प्रश्न येतोच कुठे.

तो गेल्यावर त्याचा फोन नंबर वरच पिन करून ठेवला. सहज.

९ ऑक्टोबर

सोक्षमोक्ष लावला! ऑनलाइन ऑर्डर दिली. एका अनोळखी कंपनीचे, चारच्या सेटवर घसघशीत सूट. टायरवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. बावन्न लोकांनी पाच तारे दिले आहेत, आणि बावन्नही जणांनी एकच वाक्य लिहिलं आहे: फार उत्तम टायर, माझी पत्नी आनंदी आहे. एवढ्या लोकांचं एकमत म्हणजे मालात दम असणार.

चारही एकाच मापाचे आहेत. कोणता पुढे, कोणता मागे, ही कटकटच नको.

माझी पत्नी अजून आनंदी नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर

बायको बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता लेकीशी फोनवर बोलत होती. कान देऊन ऐकायची मला सवय नाही, पण दार उघडं होतं. अगं, पूर्ण गोटा झालाय, असं म्हणत होती. वरून नुसता चकचकीत, पकड काही राहिलेली नाही, जरा ओलं झालं की घसरतोय, आता नवीनच बघायला हवा.

एक क्षण हात डोक्यावर गेला. मग लक्षात आलं, टायरबद्दल चाललंय. बायकोला माझ्या विषयात एवढा रस आहे हे माहीत नव्हतं. बरं वाटलं.

फक्त शेवटी ती म्हणाली, आणि घोरतोही भयंकर. टायर घोरतो? थोडा विचार केला. रोड नॉइज म्हणत असणार. झिजलेले टायर आवाज करतात असं मी वाचलं आहे.

१३ ऑक्टोबर

टायर आले. चार जण आत आणायला लागले असते, मी आणि वॉचमनने आणले. आता हॉलमध्ये सोफ्यासमोर उभे आहेत. घरभर रबराचा वास. बायकोने आधी टायरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. (इथे भीती हा शब्द चालेल. नवराबायकोत चालतो.)

१४ ऑक्टोबर

टायरवाल्याने फक्त दोन बसवले. पुढचे. मागच्या चाकांना ते अरुंद पडतात, बसतच नाहीत. माप लिहून घ्या म्हणालो होतो ना, असं म्हणाला. उगाच खोट काढायची म्हटल्यावर कोणीही काढतो.

मी म्हणालो, ठीक आहे, पुढे नवे, मागे जुने. रुबाब पुढूनच दिसतो. त्यावर तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, हे आधीपेक्षा वाईट झालंय. पुढची चाकं रस्ता धरतील, मागची सोडतील, ओल्या वळणावर गाडी मागून गरकन फिरेल. त्याने बोट गोल फिरवून दाखवलं. ते बोट फिरवायची काही गरज नव्हती.

मागचे दोन तुमच्याकडे स्वस्तात मिळतील का विचारलं. माझ्याकडे या मापाचे नाहीत, मागवतो, वीस तारखेला येतील म्हणाला. लेक अठराला येतेय. मी म्हणालो, मग राहू दे, मागचं मागे बघू. हा विनोद होता. तो हसला नाही. मीही हसलो नाही.

उरलेले दोन परत घेण्यासाठी कंपनीला फोन लावला. तिकडे बासरी वाजते. छान वाजवतात.

१५ ऑक्टोबर

बायकोने उरलेल्या दोन टायरांपैकी एकात तुळतुळीत पानांची ती मोठी कुंडी ठेवली. चक्क शोभते. दुसऱ्यावर मी स्टूल म्हणून बसून मोजे घातले. म्हणजे पैसे वाया गेलेले नाहीत.

बासरी अजून चालू आहे.

१६ ऑक्टोबर

सराव. शेजारच्या शाळेच्या मैदानावर, सुट्टी असल्याने रिकाम्या. बायको शेजारी बसली होती. मी वाघीण पूर्ण ताकदीने पळवली. बायको म्हणाली, सायकलवरचा एक मुलगा आपल्याला दोनदा ओव्हरटेक करून गेला. मी म्हणालो, मैदान एका बाजूला उतरतं आहे, नाहीतर दाखवलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटली.

परतताना मात्र तिचा आवाज बदलला. पोरीचा आवाज फोनवर बरा वाटत नाही म्हणाली. मला काही सांगत नाही, तुम्हाला सांगेल, नीट ऐकून घ्या, मध्ये टायरचं काही काढू नका. मी हो म्हणालो. माझं लक्ष उजवीकडच्या वळणावर होतं.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ

उद्या पाऊस. मोबाइलवर ढगाचं चित्र, त्याखाली तीन थेंब. दुपारी दोनच होते.

मेहुणा गावाला गेला आहे. पिन केलेला नंबर लागला, पण तो लग्नाच्या मांडवात होता, काही ऐकू येत नव्हतं. टायरवाल्यालाही फोन केला. उद्या सकाळपर्यंत काही जमेल का, चांगल्या कंपनीचे, सांगाल ती किंमत. साहेब, वीस तारीख, म्हणाला. मी विनवणी केली असं नाही. दोनदा विचारलं, इतकंच.

उद्याचे संकल्प: लवकर निघणे. हळू जाणे. ब्रेक न लावणे. वळणे टाळणे. घाटात वळणे टाळता येत नाहीत, त्यामुळे शेवटचा संकल्प रद्द.

आज जेवण गेलं नाही. जड काहीतरी खाण्यात आलं असणार.

१८ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

पेट्रोल पंप, घाटाच्या पायथ्याशी. इथपर्यंत उत्तम आलो. ट्रॅक्टरच्या मागे मागे. ट्रॅक्टरवाला सज्जन माणूस. टाकी भरली. आता पाच मिनिटांत निघतो.

सकाळी ९.०५

टाकी परत भरावी का म्हणून विचारलं. पंपवाला म्हणाला, भरलेलीच आहे. पाऊस लागलाय. घाटातून एक ट्रक खाली आला, त्याच्या मागच्या चाकांमधून पाण्याचे फवारे. निघतो आता.

सकाळी ९.३०

किल्ली फिरवली. वाइपर चालू केले. पहिला गिअर टाकला. गाडी पुढे गेली नाही. कारण मी क्लच सोडला नाही. पाय सोडेना. लहान मूल बोट सोडत नाही तसा पाय. अहो, सोडा ना! मी पायाला अहो म्हणालो. बोबडी वळली म्हणतात ती हीच असावी, फक्त जिभेऐवजी पायाची.

त्या कपाटातल्या फायली आठवतात. एकीतही कोणी घाबरलेलं नव्हतं. सगळे निर्धास्त होते. आणि लेक माझ्या शेजारी बसणार आहे.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं. हे खोडणार नाही. पेन्सिल असती तर खोडलं असतं.

सकाळी १०.१५

लेकीचा फोन. विमान उतरलं. मी म्हणालो, पंक्चर. ती म्हणाली, कुठलं चाक? मी म्हणालो, सगळी. मग म्हणाली, बाबा, तिथेच थांबा, मी टॅक्सीने येते.

दुपारी १२.२०

टॅक्सी आली. लेक उतरली. टॅक्सीवाल्याला घरचा पत्ता दिला आणि दोन्ही मोठ्या बॅगा तशाच पुढे पाठवल्या. मग वाघिणीभोवती एक चक्कर मारली. चारही चाकांत हवा होती. माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, बाबा, सरका. मी सरकलो.

संध्याकाळी ६.४०, घर

पाऊस थांबला होता, इकडचा रस्ता सपाट. तिने गाडी एवढी हळू चालवली की मला तिचा अभिमान वाटला. थोड्या वेळाने म्हणाली, माझी नोकरी गेली बाबा. तीन महिने झाले. परत जाणार नाही. त्या बॅगांत सगळं घर आहे. तुम्हाला आधी सांगायचं होतं, कारण आई रागावते आणि तुम्ही नुसते घाबरता. तेवढं मला चालतं.

नंतर विचारलं, बाबा, आज घाबरलात ना? मी म्हणालो, हो. लगेच म्हणालो, टायरमुळे. मग एक गाव मागे पडलं आणि मी परत म्हणालो, हो.

तिने सौदा केला. घरी गेल्यावर आईला आधी तुम्ही सांगा, पंपावर बसून होतात ते. म्हणजे मला माझं सांगायचा धीर येईल. मी शब्द दिला. गिअरवरच्या तिच्या हातावर हात ठेवून.

चहाच्या वेळी बायकोने विचारलं, घाटात गाडी कशी चालली? मी तोंड उघडलं. तोंडातून आलं, झकास! वाघीण आहे ती.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग कपात पाहिलं. आणि प्रवासाने दमले म्हणून खोलीत गेली. दार लावलं. बॅगा अजून पॅसेजमध्ये तशाच आहेत, बायको त्यांना वळसा घालून जाते आणि काही विचारत नाही.

उद्या सकाळी सांगतो. सकाळी माणूस ताजा असतो.

संध्याकाळी ७.०५

नको. सकाळी मी आणखी पक्का खोटारडा असतो. आत्ताच जातो.

रात्री ८.३०

लेकीच्या दारावर टकटक केली, तिला स्वयंपाकघरात बरोबर नेलं आणि सांगून टाकलं. घाट, पंप, क्लच, सगळं. भाजी चिरता चिरता बायको म्हणाली, माहीत आहे. मी म्हणालो, कसं? म्हणाली, बॅगा टॅक्सीतून आल्या, आणि गाडीची सीट एवढी पुढे आहे की तुमचे गुडघे कानाला लागले असते. मग लेकीने तिचं सांगितलं. बायको रागावली, पण लेकीवर नाही. मघाशी पोरीसमोर झकास म्हणालात, त्याबद्दल माझ्यावर. सुरी हातातच होती. आता दोघी मिळून बॅगा उघडत आहेत आणि मधूनमधून रडत आहेत, पण आवाज बरा आहे.

वीस तारखेचे टायर पक्के करायला टायरवाल्याला फोन केला. दुकान बंद करत होता. जाता जाता विचारलं, टायर घोरतात का हो?

नाही म्हणाला.