उजवा डोळा नामंजूर

रविवार, ५ ऑक्टोबर
विमा कंपनीत इतकी वर्षं घासली, आज चीज झालं. आरोग्य विम्यातले गैरव्यवहार रोखणाऱ्या विभागाचा प्रमुख! गस्सानसाहेब म्हणाले, नायेफ, अर्धं अम्मान आपल्याला लुटतंय. औषधाच्या चिठ्ठीवर शाम्पू नेतात, चुलतभावाच्या कार्डावर दाढ काढून घेतात. बघ जरा.
संकल्प: एकही बनावट क्लेम सुटणार नाही. दुसरा संकल्प: गोड बंद. (संध्याकाळी ऑफिसात कुनाफा आणला होता. पहिल्याच दिवशी नाही म्हणणं बरं दिसत नाही.)

गुरुवार, ९ ऑक्टोबर
कॉम्प्युटरमध्ये माझा नियम बसवला. एकाच माणसाची तीच शस्त्रक्रिया वर्षात पुन्हा आली की थेट नामंजूर. इरबिदच्या एका गृहस्थाचं अपेंडिक्स दोनदा काढलं गेलं होतं. आता काढून दाखव म्हणावं!
ऑफिसात मला 'अबू नामंजूर' म्हणायला लागलेत. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अबू अमुक म्हणजे अमुकचा बाप. म्हणजे नियम हे माझं अपत्य, हे लोकांनीही मान्य केलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर
आईचा फोन. उन्हाळ्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, छान झालं. आज उजव्याचा काढायचा होता. सकाळपासून उपाशी, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवरून परत पाठवली. नामंजूर. आई म्हणाली, तुमच्या ऑफिसात कोण मेला बसलाय रे? त्याला आई-बिई आहे की नाही?
चौकशी करतो म्हणालो.
माणसाला डोळे दोन असतात हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. नियम करताना अपेंडिक्सचा विचार चालला होता, इतकंच.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
अपील केलं. अपील माझ्याच विभागात येतं. पण नातेवाइकांच्या फाइलला हात लावायचा नाही, हाही नियम माझाच. फाइल माझ्या हाताखालच्या रवानकडे गेली. या मुलीला मी स्वतः तयार केलंय: प्रत्येक कागदावर संशय घ्यायचा. तिने आईला दोन डोळे असल्याचा दाखला मागितला. शिक्क्यासकट.
आधी अभिमान वाटला. मग दाखल्यासाठी आईच्या डॉक्टरांना फोन लावला.
मेसून म्हणते, पैसे भरा नि मोकळे व्हा. बायकोला तत्त्व कळत नाही. मी पैसे भरले तर माझ्या नियमावर माझाच विश्वास नाही असं होईल. शिवाय मुलांच्या शाळेचा हप्ता आहे.

रविवार, २६ ऑक्टोबर
दाखला आला. रवानचा आक्षेप: हा आजचा दाखला झाला, उन्हाळ्यातही दोनच होते कशावरून?
गस्सानसाहेबांकडे गेलो. म्हणाले, नियम तूच केलास, मी संचालकांना कौतुकाने दाखवला, आता बदलू कसा? जानेवारीत नवं वर्ष लागेल, तेव्हा कर म्हणावं आईला.
घरी आलो तर आई जिन्यात पडलेली. पायरी दिसलीच नाही. गुडघा फुटला. पट्टी मीच बांधली. सगळ्यांचा राग आला. कोणाचा जास्त ते लिहीत नाही.
आई म्हणाली, थोडे दिवस झर्क्याला नजाहकडे राहते, तिच्या घराला जिना नाही. नजाह मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. उत्तम. हवापालट होईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
संचालकांपुढे भाषण. नावं झाकून एक आदर्श केस दाखवली: झर्क्याची बाई, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, कागद स्वच्छ, कॉम्प्युटरने तात्काळ मंजूर केलेली. म्हणालो, प्रामाणिक माणसाला नियम कधी आडवा येत नाही. टाळ्या! कुनाफा खाल्ला. प्रसंगच तसा होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आई परत आली. उजव्या डोळ्यावर पट्टी.
मावशीच्या कार्डावर करून आली. तिच्या मुलाचा विमा आमच्याकडेच आहे. दोघी बहिणींचं नाक एक, डोक्यावरचा रुमाल एक, चष्मा एक. फोटो बघतंय कोण?
मी ओरडलो, आई, हा गुन्हा आहे! ती म्हणाली, मग पकड मला. आधी चहा घे, मग पकड. आणि हा शर्ट बदल, कॉलर मळलीय. पट्टी काढल्यावर तिला आणखी काय काय दिसणार आहे कोण जाणे.
संकल्प: रविवारी ऑफिस उघडलं की रिपोर्ट करायचा. कायद्यापुढे आई नाही, मावशी नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
प्रिंटर बिघडला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
प्रिंटर सुरू. पण अशा प्रकरणात घाई बरी नव्हे. आईची पट्टी निघाली. सुईत दोरा ओवून दाखवला तिने. मी दोनदा ओवायला लावला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मावशी जेवायला आली. मेसूनने मक्लूबा केला होता. मावशी चमच्याने ताटाबाहेरचा भात शोधत होती. तिच्याही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात काढा. पण कागदावर तिचा उजवा डोळा झालेला!
मला हेच हवं होतं. भात निवेपर्यंत समजावलं: मावशी, खोट्या क्लेमने कंपनीचं नव्हे, शेवटी आपलंच माणूस बुडतं. आता तुझा डोळा कोण करणार?
तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात धरला. म्हणाली, बाळा, तुझ्या आईचा उजवा डोळा कागदावर अजून शिल्लक आहे ना? जानेवारीत तो मला दे.
कडक शब्दांत नाही म्हणालो. आई हसत होती. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत.

रविवार, १६ नोव्हेंबर
केवळ अभ्यास म्हणून आईचं नाव, उजवा डोळा आणि जानेवारीची तारीख कॉम्प्युटरला घालून बघितली.
मंजूर.
मावशीला फोन करून तारीख कळवली.