एकवीस बटणं आणि पुढची खोली

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, धंदा शिंपीकाम, शिक्षण चौथीपर्यंत, गल्लीतल्या पोरांचा 'बटणआजोबा', हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाई देतील. काल त्या नाडी बघायला आल्या आणि बटणांच्या खेळात माझ्याकडून तीनदा हरून गेल्या.

कलम १. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सूनबाईस. त्या कात्रीने कोणी कागद कापला, तर मी असेन तिथून ओरडेन.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. त्यात डोकं चालवण्यासारखं काही नाही.

कलम ३. शेजारच्या शाळेचे हेडमास्तर चारचौघांत म्हणाले होते, "तुमच्या पोरखेळाने मुलांचं गणित बिघडतं." त्यांना माझा छोटा तराजू आणि नऊ बटणं. आठ सारख्या वजनाची, एक किंचित जड. फक्त दोनदा तोलून जड कोणतं ते काढावं. माझ्याकडे सात वर्षांची पोरं काढतात. साहेबांनी घाई करू नये.

कलम ४. बटणांचा डबा टिचकीला, म्हणजे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलीला. खेळ असा: एकवीस बटणं मांडायची, आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायची. शेवटचं ज्याला उचलावं लागेल तो हरला. तीस वर्षं मी प्रत्येकाला म्हणत आलो, "तू पाहुणा, पहिली पाळी तुझी." आणि तीस वर्षं जिंकत आलो. गेल्या महिन्यात टिचकी हात मागे बांधून बसली.

"आजोबा, आज तुम्ही आधी."

"अगं, पाहुण्याला पहिला मान!"

"तो मान घेतला की माणूस हरतं. मला नको."

"कोणी सांगितलं तुला?"

"घरी बाहुलीशी खेळले. तुम्ही एक घेतलं की मी तीन घेणार. दोन घेतली की दोन. तीन घेतली की एक. चार-चार जातात आणि उरलेलं एकटं बटण तुमच्याकडे येतं."

तसंच झालं. हरून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. डबा तिचा, अट एकच, विचारणाऱ्याला उत्तर सांगायचं नाही.

कलम ५. घर. थोरल्याला पुढची खोली दुकानाच्या मालासाठी हवी आहे, धाकटीला ती पोरांच्या खेळासाठी राहायला हवी आहे. यावरून चार वर्षं दोघांत अबोला. एकाच टेबलाशी बसून "बाबा, तिला सांगा" आणि "बाबा, त्याला विचारा" चालतं. मी गेल्यावर हा पोस्टमनही गेला.

बाळांनो, लहानपणी तुम्ही पाव कसा वाटायचात? एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. सुरी ज्याच्या हाती, त्याची नजर सोनाराची व्हायची. घराचंही तसंच करा. एकाने दोन वाटण्या पाडाव्यात, पुढची खोली न तोडता. दुसऱ्याने हवी ती निवडावी. पाडणार कोण आणि निवडणार कोण, हे ठरवायला तुमचा बाप तीन महिने बसला आणि हरला. म्हणून ते बटणांवर सोडतो. जिंकेल तो निवडेल. डबा मागायला टिचकीकडे दोघांनी मिळून जायचं. एकट्याला ती देणार नाही, तिला तसं सांगून ठेवलं आहे. निकाल लागेपर्यंत पुढची खोली रोज चार वाजता पोरांसाठी उघडी राहील.

कलम चार वाचल्यामुळे गुपित आता दोघांनाही ठाऊक आहे. जन्मात पहिल्यांदाच मी उत्तर फोडलं, ते तुमच्यासाठी. त्यामुळे चार वर्षांनंतर तुम्ही एकमेकांशी पहिले शब्द कोणते बोलाल, ते मला आजच माहीत आहे: "तू आधी." "नाही, तू आधी." त्यापुढे काय होईल, हे मात्र कितीही डोकं खाजवलं तरी सुटत नाही. ते बघायला मी नसेन, एवढीच हळहळ.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही). २. नळ दुरुस्त करणारा, टिचकीचा बाप (सही). टिचकी अज्ञान असल्याने तिची सही चालत नाही; तिने हट्टाने खाली चार भोकांचं बटण काढलं आहे.

सही: बटणआजोबा
ठिकाण: पुढची खोली
तारीख: अठरा फेब्रुवारी, चारला पाच कमी. आता उठतो, दार उघडायचं आहे.