खिडकी डाव्या हाताला

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून ही पत्र कसलं लिहीत बसलीय, असं तुझ्या मनात येईल. फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. पत्राची जात नाही, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच.

माझ्या डिजिटल इमेजिंगच्या कोर्सचं दुसरं सत्र चालू आहे आणि माझ्या नाकी नऊ आलेत. पहिल्या सत्रात मजा होती. पळत्या सायकलबरोबर कॅमेरा फिरवायचा, एका फोटोवर दुसरा चढवायचा, शटर उघडं ठेवून काळोख्या खोलीत टॉर्चने हवेत नाव लिहायचं. मी ‘दादा’ लिहिलं, ते उलटं आलं. सगळे खो खो हसले.

या वेळी कंपोझिट करायचंय. म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो असे एकत्र बसवायचे की जोड दिसता कामा नये. आमच्या मॅडमना आम्ही सावलीबाई म्हणतो, कारण कुठलाही फोटो पुढे केला की पहिला प्रश्न एकच, सावली कुठे पडलीय. मी ठरवलं, आपल्या घरचाच फोटो करायचा. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बाक ओढला, आई-बाबांना त्यावर बसवलं आणि दोघांच्या मधे जागा सोडायला लावली. बाबांनी विचारलं की एवढी जागा कशाला. मी म्हटलं, रचना म्हणून. रचना म्हटल्यावर बिचारे सरकून बसले.

त्या जागेत मी तुझा सहलीतला फोटो कापून बसवला, तो धरणाच्या भिंतीवरचा, दात काढलेला. दोन दिवस नुसत्या कडा घासत होते. सावलीबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या की मुलगा छान आहे, पण तो या खोलीत नाही. आई-बाबांवर खिडकीचा मऊ उजेड आणि तुझ्या टाळक्यावर दुपारचं ऊन. मला वर्गातच रडू फुटलं, आणि ते काही उजेडासाठी नव्हतं, दादा.

तर नवा फोटो पाहिजे. नीट वाच. खिडकी डाव्या हाताला. फ्लॅश नाही. बसून काढायचा, कॅमेरा छातीच्या उंचीवर. फोनवरून पाठवलास तर फोटो दाबला जाऊन बारकावे जातात, तेव्हा मेमरी कार्डात घालून पाकिटातून पाठव.

आता घरचं. बाबांनी दुकान बंद केलं. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून घेणारे कमी झाले, हे तू तेव्हा भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होतास ते खरंच झालं, पण ते त्यांच्यासमोर कुणी म्हणत नाही. महिनाअखेरीला आपण हे घर सोडून लहान घरात जातोय. आई हातात टेप घेऊन दिवसभर तुझ्या खाटेभोवती फिरते. नव्या घरात एक तर खाट मावेल नाहीतर कपाट. झोपणारा येणार असेल तर खाट न्यायची, नसेल तर कुणाला तरी देऊन टाकायची. हे बाबांना विचारायचं कुणी? म्हणून मी तुलाच विचारते, खाट न्यायची का?

वेळेवर जेवत जा. रागव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भुणभुण


दि. ११ मार्च

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून वाचलं. तिथे खरंच रेंज नसते, ते बहाणा म्हणून सांगत नाही. तू म्हणशील, बाबांचं दुकान नको होतं आणि आता लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो. तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो.

खोली पुन्हा बदलली. नवा पत्ता मागे लिहिलाय. पायाला भिंगरी आहे म्हणून आई ओरडेल, तिला सांगू नकोस. कुठेही जरा स्थिरस्थावर झालो की भिंती अंगावर येतात. दिवसभर वर-खाली, वर-खाली, आणि संध्याकाळी खोलीवर आलो तरी पाय थांबत नाहीत.

फोटो पाठवतोय. माझ्या खोलीतला जोडीदार बेकरीत कामाला आहे, त्याने काढला. पाव जास्त भाजला तर त्याला लांबून वास येतो, पण फोटोत माझा कान कापला गेलाय ते त्याला दिसलं नाही. दुसरा काढला, तोही कार्डात आहे. निळा शर्ट घातलाय, आईला आवडतो तो.

दुकानातलं पंख्यांची कॉइल गुंडाळायचं यंत्र कुणाला दिलं? मी विचारलं असं सांगू नकोस. सहज लिही.

खाटेचं म्हणशील तर देऊन टाका. मला आता सतरंजीवर झोप लागते. अभ्यास कर आणि मॅडमना माझ्याबद्दल काहीबाही सांगू नकोस. आहे तशीच लाडकी राहा.

तुझा,
दादा


दि. १७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शर्ट छान आहे. बाकी सगळं बोंबललं.

अरे, खिडकी म्हटलं होतं मी, ट्यूबलाइट नव्हे! डोक्यावरून उजेड पडलाय, नाकाची सावली ओठावर आलीय आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. पोलिसांनी चौकशीला बसवल्यासारखा दिसतोस. मी नाकाची सावली पुसून बाजूला रंगवली, तर तू आजारी दिसायला लागलास. शिवाय बसलायस असा की कुणी हाक मारली की उठून पळशील. त्याला कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

पण एक झालं. तुला मधे बसवलेला तो फोटो उघडून मी पाणी प्यायला गेले आणि परत आले तर बाबा स्क्रीनसमोर उभे. मला वाटलं, आता बंद कर म्हणतील. पण त्यांनी एक बोट पुढे केलं आणि तुला काचेवरून स्वतःच्या बाजूला सरकवायला लागले. आपली स्क्रीन बोटाने हलत नाही हे त्यांना कुठलं माहीत. दोन-तीनदा सरकवून बघितलं. मग मला म्हणाले की मधे एवढी फट कशाला ठेवलीस, आणि बाहेर निघून गेले. काचेवर बोटाचा डाग आहे. मी एरवी दिवसातून दहा वेळा स्क्रीन पुसते, आज हात होत नाही.

यंत्र कुणाला दिलेलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. खाटही अजून दिलेली नाही. आई म्हणते बघू. मला घरात कुठेच बसवत नाही, सगळीकडे खोकी. दुसरा फोटो लवकर पाठव. खिडकी डाव्या हाताला!

उत्तराची वाट बघायला लावू नकोस, तेवढा लोभ कर.

तुझी,
भुणभुण


दि. २१ मार्च

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

हा घे दुसरा. एका इमारतीत काम होतं, तिथल्या जिन्यात मोठी खिडकी आहे. बेकरीवाल्याला सकाळी सकाळी ओढत नेला. उजेड मऊ आहे, फ्लॅश नाही, पायरीवर बसलोय. आता यातही खोट काढलीस तर फोटोत तुझ्या सावलीबाईंनाच बसव.

बाबा काय म्हणाले ते पुन्हा लिही, अगदी जसंच्या तसं. आवाजात राग होता का? फट कशाला, हे तुझ्या कामाबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल? मी मशीनरूममध्ये दिवसभर तेच घोळवत होतो. एक नट चुकीच्या जागी बसवला, साहेबाने झापलं.

आणि हे बघ, मला घरी ये म्हणू नकोस. तू अजून म्हणाली नाहीस, पण तुझी भुणभुण मला लांबून ऐकू येते. यावंसं वाटत नाही असं नाही. रोज वाटतं. पण दारात उभा राहिलो की पहिलं काय बोलायचं, तेच मला सापडत नाही. दुकानाची पायरी चढू नकोस असं ते म्हणाले होते आणि मी बरं म्हणून निघालो होतो. त्या ‘बरं’च्या पुढे काय बोलतात?

आईच्या गुडघ्यांना जप. तिला खोकी उचलू देऊ नकोस. तुझा जीव माझ्यात आहे ते कळतं, तो तसाच असू दे.

तुझा,
दादा


दि. २५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खिडकी डाव्या हाताला म्हणजे तुझ्या डाव्या हाताला, बघणाऱ्याच्या नव्हे. तू बेकरीवाल्याच्या डाव्या हाताला ठेवलीस. मी कपाळावर हात मारला. मग म्हटलं, फोटो आरशासारखा उलटा करू, उजेड आपोआप बरोबर बाजूला येईल. केला. उजेड अस्सा जुळला की काय सांगू! आईला हाक मारली. ती खूश. बाबा मागून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले की हा आपला नाही. मी हादरलेच. मग म्हणाले की त्याची खूण डाव्या भुवईवर आहे, पंख्याचं पातं लागलं होतं ती, टाके घालायला मीच उचलून नेला होता. याची उजवीकडे आहे. राग नव्हता, दादा. तुझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. राग असता तर मला कळला असता.

खूण उचलून दुसऱ्या भुवईवर ठेवता येते. मला येतं ते. पण आता करणार नाही. सावलीबाईंना आणखी एक दिसलं. आपल्या खोलीत नुसता खिडकीचा उजेड नाही. समोरच्या इमारतीच्या पिवळ्या भिंतीवरून ऊन उलटून आत येतं आणि आई-बाबांच्या हनुवटीखाली किंचित पिवळं दिसतं. तो उजेड जगात कुठल्याही जिन्यात मिळणार नाही. आणि रविवारनंतर आपल्यालाही नाही. रविवारी सामान हलणार, सोमवारी मला फोटो द्यायचाय.

कॅमेरा तिपाईवर लावून ठेवलाय. बाक तिथेच ठेवायला मी हमालांशी भांडणार आहे. बाकावर मधोमध चिकटपट्टी लावलीय, तिथे तू बसायचंस. दुकानाच्या पायरीचं म्हणशील तर दुकानच राहिलं नाही, तेव्हा ती अटही निकालात निघाली. आणि दारात काय बोलायचं याची काळजी करू नकोस. फोटो काढताना मी कुणालाही बोलू देत नाही, चेहरे हलतात. रविवारी सकाळी ये, ऊन भिंतीवर असताना. गुपचूप येऊन बस. बाकीचं मी बघते.

आजवर तुझ्याकडे जेवढे हट्ट केले ते सगळे परत घेते, हा एक पुरव.

तुझी,
भुणभुण


दि. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नीट पोचलास ना? हत्यारांची पिशवी घेऊन थेट ड्यूटीवर पळालास, आईने बांधलेला डबा बाकावरच राहिला. तो मी खाल्ला.

फोटोंचं सांगते. तू आलास, पट्टीवर बसलास, मी सगळ्यांना गप्प केलं आणि बटण दाबत सुटले. नव्या घरी सगळे मोठे करून बघितले. आई प्रत्येकात थोडी हललेली आहे, कारण तिने तुझं मनगट धरलंय आणि ती ते चाचपत होती, बारीक झालास का म्हणून. तू पहिल्यांदाच पळून जाणार नसल्यासारखा बसलायस. आणि बाबा एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. मला आधी वाटलं, एखाद्यात मान वळली असेल. सगळे उघडले. सगळ्यांत तुझ्याकडेच बघतायत, डाव्या भुवईकडे.

आधीच्या फोटोतला बाबांचा समोर बघणारा चेहरा माझ्याकडे होता. तोच शर्ट, तोच उजेड, तीच पिवळी छटा. मी तो उचलून इथे बसवला. अगदी बेमालूम बसला, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. मग मी ते पुसून टाकलं.

सावलीबाईंना खरा फोटोच दाखवला. त्यांनी बराच वेळ जोड शोधला. मी सांगितलं की यात जोड नाही. तर म्हणाल्या की मग याला गुण कसे देऊ, पण हा मुलगा या खोलीत आहे. गुणांसाठी मी धरणावरचा दात काढलेला दादा बसवलेला जुना फोटोच देऊन टाकला आणि जेमतेम पास झाले.

खाटेबद्दल तू जाताना काही बोलला नाहीस. ट्रक आल्यावर काय झालं ते मी लिहीत नाही. बाबा स्वतः तुला पत्र लिहायला बसलेत आणि कालपासून कागद फाडतायत. मला खोलीत येऊ देत नाहीत, आणि खोल्या तर दोनच आहेत.

आता भुणभुण ऐकू आली नाही तर काळजी कर. तोवर प्रेम चालू ठेव.

तुझी,
भुणभुण


दि. ५ एप्रिल

चिरंजीवास,
आशीर्वाद.

तुझी बहीण म्हणते की फोनवर तुझी रेंज जाते. म्हणून लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही.

नवं घर बरं आहे. पंखा आवाज करत होता, तो उघडून नीट केला. शेजारच्या बाईंनी बघितलं, आता त्यांचा मिक्सर आलाय. तुझी आई म्हणते, इथेही दुकान मांडणार तुम्ही. यंत्र गुंडाळलेलंच आहे, अजून सोडलं नाही.

कपाट देऊन टाकलं. खाट आणली. ती दारातून आत येईना, म्हणून पाय आणि पट्ट्या सुट्या करून आत घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली आहे. बोल्ट डब्यात घातलेत. एकट्याने जोडायला गेलो तर एक बाजू धरली की दुसरी सुटते. तुझी बहीण धरायला आली होती. तिला नको म्हटलं.

रविवारी सुट्टी असेल तर ये. पाना आणू नकोस, माझ्याकडे आहे. दुसरी बाजू तेवढी धर.

बाबा