तीन दिवाळ्यांमागचा बॅकअप

२ फेब्रुवारी

हजर झालो बुवा एकदाचा! सणसवाडीच्या कंपनीसाठी सहा वर्षं दुसऱ्यांचे सर्व्हर दुरुस्त करत गाडीवर हिंडलो, उन्हात डोकं भाजून घेतलं. आता माझा स्वतःचा सर्व्हर, स्वतःची खुर्ची, आणि खोलीला एसी. मोनिकाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एसी मशीनला आहे, तुम्हाला नाही. खरंय म्हणा.

दुधाचा प्लँट आहे, शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच स्टीलच्या टाक्या. गेटवर गेणबाआप्पा असतात. त्यांनी माझं गाव, भावकी, सासुरवाडी सगळं विचारून घेतलं. मांडवगण फराट्याचा म्हटल्यावर म्हणाले, मग आपलाच की रं, आन् अर्धा चहा बशीत ओतून पुढं केला. मॅनेजर सोपानराव मात्र कमी बोलतात. दुधाची फॅट सोडून त्यांना जगात दुसरा विषय नाही.

प्लँटच्या मागं एक खोली मिळालीय. उन्हाळ्याच्या आत मोनिकाला आणि वैष्णवीला केडगावहून इकडं आणायचं. सध्या दोघी मोनिकाच्या माहेरीच आहेत. वैष्णवी सात महिन्यांची झाली, खालचे दोन दात आलेत, आणि बोट तोंडात घातलं की असली चावते! लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली पोर. आईनं तर नवसांची रांगच लावली होती. चावू दे, काय चावायचं ते.

६ फेब्रुवारी

काल गुरुवारची सुट्टी, केडगावला जाऊन आलो. वैष्णवी आता आधाराशिवाय बसते. बसते, डुलते, आणि उशीवर पडून स्वतःच हसते. फोनमध्ये तिचे फोटो इतके झालेत की फोन रडायला लागलाय.

इथला सर्व्हर नीट बघून घेतला. एकच दणकट मशीन, आणि त्याच्या पोटात चार मशिनं. हात लावता येत नाही अशी, नुसती सॉफ्टवेअरची, पण प्रत्येकाला वाटतं मीच खरं. एक गेटच्या हजेरीचं, एक दुधाच्या वजनाचं, एक कॅन्टीनच्या कुपनांचं, एक हिशेबाचं. सोपानरावांना एवढं समजावून सांगितलं तर म्हणाले, चालतंय ना? मग झालं.

बॅकअप बघून मात्र कपाळावर हात मारला. रोज घेतात, पण ठेवतात कुठं, तर त्याच सर्व्हरवर! कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. आठवड्यातून एक प्रत पुण्याच्या हेड ऑफिसला जाते म्हणे, तेवढाच आधार. सर्व्हरच्या खोलीतल्या कपाटात एक जुनी डिस्क सापडली, तीन दिवाळ्यांमागची. आधीच्या माणसानं सर्व्हरची सगळीच्या सगळी प्रत काढून ठेवलीय.

कॅन्टीन सुलक्षणाताई चालवतात. हाताला चव आहे, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. काउंटरमागं त्यांच्या नवऱ्याचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. दत्ता नाव. इथंच चिलिंगला होता, दूध गार करतात तिथं. गेणबाआप्पा सांगत होते, डिस्कवरच्या त्याच दिवाळीनंतरच्या थंडीत अमोनियाची गळती झाली. दोघांना बाहेर ढकलून हा आतच राहिला. मग प्लँटनं बाईंना कॅन्टीन दिलं. ऐकून जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

काय दिवस होता! सकाळी लाईटचा झटका आला आणि सर्व्हर मेला. डिस्का गेल्या, त्यांच्यासोबत आतले सगळे बॅकअपही. वजन बंद, गेट बंद, आणि बाहेर टँकरची रांग. दूध काही थांबत नाही, उन्हं चढली की नासतं. शेतकरी माझ्याकडं असं बघत होते, की मीच त्यात लिंबू पिळलंय.

पुण्याहून ताजी प्रत यायला आठवडा लागेल म्हणाले. मग मी डोकं चालवलं. नव्या डिस्का घातल्या आणि कपाटातली जुनी प्रत त्यावर चढवली. थोरला सर्व्हर आणि पोटातली चारही मशिनं, जशी त्या दिवाळीत होती तशी. जेवायच्या सुट्टीपर्यंत काटा चालू! दर वगैरे हातानं बदलले. पुण्याची प्रत आली की ती चढवायची, तोवर हे चालेल. सोपानरावांनी पाठीवर थाप मारली. त्यांनी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली आजवर कुणी बघितली नाही म्हणे.

आज स्वतःवर खूश आहे.

१२ फेब्रुवारी

सुट्टी असून कामावर. नव्या डिस्का, सोडून कसं जायचं?

एक गंमत झाली. गंमत म्हणू का? कॅन्टीनच्या मशीनमधून दत्ताच्या नावाचं कुपन निघालं. जुना डेटा आहे, त्याचं नाव त्यात असणारच. मी ताईंची माफी मागितली, नाव काढून टाकतो म्हणालो. त्यांनी कुपन हातातून घेऊन पदरात बांधलं. मग त्यांनी ताट वाढलं आणि खिडकीजवळच्या बाकावर ठेवलं.

मी समोरच जेवत होतो. भाकरी मोडायला मान खाली घातली असेल तेवढीच. वर बघितलं तर ताट रिकामं. मिरची तेवढी देठाकडून धरून कडेला ठेवलेली. ताई म्हणाल्या, त्यांना तिखट सोसत न्हाई.

बाकावर कुणी नव्हतं. वास मात्र होता, डोळ्यांत जाणारा, शीतगृहाच्या दारात येतो तसला. मी दोनदा नाव काढून टाकलं. दोनदा परत आलं.

१४ फेब्रुवारी

गेटवर माझा अंगठा घेत नाही. रोज नव्यानं नोंदवतो, सकाळी पुन्हा गायब. हे समजू शकतो. पण आज गेणबाआप्पांनी काठी आडवी धरून विचारलं, कुणाकडं जायचंय पाव्हणं? मी हसलो. ते हसले नाहीत. माझी भावकी, सासुरवाडी पुन्हा पहिल्यापासून विचारली.

लॅबमधला साई कालपासून नाही. गेल्या वर्षी लागलेला, चुणचुणीत पोरगा. त्याचं टेबलही नाही. सोपानरावांना विचारलं, तर ते म्हणाले, कोण साई?

फोटोवरचा हार गेलाय. ताईंनी काढला असेल. काढला असेलच.

१६ फेब्रुवारी

फोटोही नाही. भिंतीवर खिळासुद्धा नाही.

आणि दत्ता आहे. भर दुपारी, लख्ख उन्हात बघितला. चिलिंगच्या दारातून गमबूट घालून बाहेर आला, नळावर तोंड धुतलं, मला रामराम केला. मीही केला, काय करणार! अंगाला थंडगार वास. बाकीचे त्याच्याशी रोजच्यासारखे बोलत होते. एकानं तंबाखू मागितली.

फक्त दोघांना कळतंय, मला आणि ताईंना. ताईंच्या कपाळावर कुंकू आहे, हातात हिरव्या बांगड्या. भाकऱ्या थापताना गुणगुणत होत्या. मला भीती वाटायला हवी होती. वाटली पण. पण त्यांचं तोंड बघून मी एक भाकरी जास्तीची मागून घेतली.

संध्याकाळी पुण्याची डिस्क आली. चढवायला घेतली, तर ताई दारात. हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, दादा, थोडं राहू द्या की. कुणाचं काय जातंय?

खरंच, कुणाचं काय जातंय? एक साईच तर दिसत नाही, तोही असेल कुठंतरी. डिस्क खणात ठेवून दिली.

१९ फेब्रुवारी

केडगावहून आत्ताच परत आलो.

वैष्णवी बसत नाही. मोनिकाच्या मांडीवर आडवी होती. मी बसवली तर घरंगळली, मान एका बाजूला. मोनिका म्हणाली, अहो, मान कुठं धरलीय अजून तिनं? मी बोट तोंडात घातलं. दात नाहीत. हिरड्या कोऱ्या, जन्मल्यासारख्या.

वजनाला हलकी. कपडे मोठे झालेत. मी ओरडलो, ती सात महिन्यांची आहे म्हणून. सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि पडा जरा म्हणाल्या. फोनमधले बसल्याचे फोटो नाहीत. दातांचे नाहीत.

गेटच्या आतच राहील वाटलं होतं हे. त्या दिवाळीनंतर जे जे आलं ते सगळं चाललंय. आधी साई. मी. आणि माझी पोर तर काल-परवाची. अरे देवा, डिस्क खणात ठेवणारा मीच ना!

उद्याच चढवतो. ताईंनी काही म्हणू दे.

२० फेब्रुवारी

आत सोडत नाहीत. गेणबाआप्पा ओळखत नाहीत, सोपानराव ओळखत नाहीत. माझ्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप. दिवसभर गेटसमोर उसाच्या कडेला बसलो.

मोनिकाला फोन केला. वैष्णवी कशी आहे विचारलं. ती म्हणाली, कोण वैष्णवी? मग म्हणाली, पाळणा आईनं कशाला काढून ठेवलाय माळ्यावरून, कळत नाही. उगाच लोक विचारतात, अन् मला—

रडत होती. मी पण.

२१ फेब्रुवारी

आत आलो. दत्तानंच आणलं. गेटवर म्हणाला, माझं पाव्हणं हायती, सोडा. मला कशाला मदत केली त्यानं? त्याला माहीत नाही? की माहीत आहे?

डिस्क खणात होती. लावली. चालू सर्व्हरवरच चढवतोय, सगळं थांबवून नीट करायला वेळ कुठंय? स्क्रीनवरची पट्टी सरकायला लागलीय. हळू. फार हळू.

ताई दारात बसल्यात. त्यांना सगळं सांगितलं. माझी पोर, दात, मान. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, म्हंजी त्यांना मी दुसऱ्यांदा जाळायचं व्हय? पाया पडलो त्यांच्या. त्या उठल्याही नाहीत, अडवलंही नाही. नुसत्या बांगड्या फिरवत बसल्यात.

दत्ता काचेबाहेर उभा आहे. विचारतोय, जेवायला येळ हाय ना? हो म्हणालो. देवा, हो म्हणालो त्याला.

दुपार

पट्टी निम्म्यावर.

लिहीत राहायचं. वैष्णवी. वैष्णवी. मोनिकाची आणि माझी. खालचे दोन दात. बसते, डुलते, पडते, आणि—हसते. हो, हसते. उजव्या गालावर—की डाव्या? काहीतरी होतं गालावर.

सहा वर्षांनी झालेली. आईनं नवस—

तोंड आठवत नाहीये. नाव आहे. नाव धरून ठेव, सार्थक. वैष्ण

दुपार, जेवणानंतर

इथले दत्ताभाऊ चहा देऊन गेले. भला माणूस. त्यांच्या बायकोच्या हाताला चव काय आहे! भाकरी अजून तोंडात रेंगाळतेय.

सणसवाडीच्या ऑफिसनं मला इथं कशासाठी पाठवलंय ते नीट सांगितलंच नाही. नेहमीचंच त्यांचं. गाडीवर बसवायचं आणि जा म्हणायचं.

सर्व्हर मात्र झकास चाललाय. चारही मशिनं चालू, काटा चालू, बाहेर टँकर लागलेत. आणि बघतो तर काय, कुणीतरी चालू सर्व्हरवर भलतीच प्रत चढवायला लावलीय! कुठल्या शहाण्याचं काम? पट्टी जवळजवळ भरत आलीय. वेळेवर नजर गेली म्हणून बरं, नाहीतर सगळ्याचा सत्यानाश झाला असता.

दारातल्या ताईंना विचारलं, हे कुणी लावलं माहितीय का? त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग पदर तोंडाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी मोनिकाला फोन करायला हवा. घरात लेकरू नाही, बिचारी एकटीच बसून असते.

आधी हे थांबवतो—