बिनचेनची

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. खांदा कसा आहे म्हणून विचारलंस. पडले तेव्हा मोडलेलं हाड जुळलंय, पण उजवा हात छातीपलीकडे जात नाही. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायला तेवढा पुरतो. अडतं ते झोपताना.

तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते. मागच्या ट्रेकला स्लीपिंग बॅगच्या चेनमध्ये आतलं कापड अडकलं. सकाळी सगळे आवरून उभे आणि मी तंबूत टपालाच्या पुडक्यासारखी पडलेली. एका हाताने ओढून चेन हलेना. शेवटी सोबतच्या मैत्रिणीने कात्रीने बॅग कापली, अजून ती तिच्याकडेच आहे. वर ट्रेकच्या प्रमुखांनी सर्वांदेखत, अगदी गोड आवाजात सांगितलं की पुढल्या खेपेला ज्यांना आपलं आपण उठता येतं त्यांनीच नाव द्यावं.

मी नाव दिलंय. अकरा मेला निघायचं, नऊ दिवस. आता मला चेनच नसलेली बॅग हवी आहे आणि तीही हलकी, कारण या खांद्यावर सगळी सॅक मिळून आठ किलोच्या वर झेपत नाही. तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने चेनवाल्या सात बॅगा दाखवल्या. दुसऱ्याने बिनचेनची म्हणून जी काढली ती अडीच किलोची, लग्नातल्या गादीएवढी. तिसऱ्याने विचारलं की सोबत मिस्टर नाहीत का, ते लावतील चेन. डोकं भणभणलंय.

वहिनीला आठवण सांग. माझ्यावर चिडू नकोस, एवढी माया ठेव.
तुझी
ताई


१४ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रागच आला. तुझा नव्हे, त्या प्रमुखांचा. आणि थोडा तुझाही, इतके महिने लपवलंस म्हणून.

सव्वीस वर्षं मी सोफ्यांची नि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. चेन हे माझं पोट आहे. ती कापलेली बॅग मैत्रिणीकडून मागवून घेतली, जुनी चेन उसवली आणि जाड दात्यांची नवी बसवली. ओढायला वीतभर लांब पट्टी लावलीय, दातांत धरूनसुद्धा ओढता येईल. पार्सल सोबत आहे.

आणखी एक. ही म्हणते, आणि मलाही वाटतं, की यंदा डोंगर राहू दे. पायथ्याशी एखाद्या चांगल्या विश्रामगृहात चार दिवस राहा, हवा तीच असते. रागावू नकोस.

तब्येतीला जप. तुझा ओलावा असाच राहो.
धाकटा


२१ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

रागावले आहे. चेन सुरेख बसवलीस, तुझ्या हाताला तोड नाही. पण बिघाड चेनमध्ये नाहीच रे, माझ्या खांद्यात आहे! चेन ओढताना दुसऱ्या हाताने खालचं कापड ताणून धरावं लागतं. तोच हात तिथवर जात नाही. दातांत पट्टी धरून ओढून पाहिली. मान आखडली आणि चेन पोटापाशी थांबली. शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा मी बैठकीच्या खोलीत अर्धी आत, अर्धी बाहेर. तिने दूध ठेवलं आणि दार हळूच ओढून घेतलं, तेच जास्त लागलं.

मग चौथं दुकान. तिथे पाठ उघडी असलेलं, नुसतं पांघरायचं प्रकरण मिळालं. वजन फुलासारखं, पण ते खालच्या चटईला चार बंदांनी बांधायचं, तेही आपण आत शिरल्यावर. सर्कशीतली माणसं घेत असतील. नाही बांधलं तर कूस बदलताच पाठ उघडी. परत केलं.

विश्रामगृहाचं पुन्हा लिहू नकोस. हवा तीच असते म्हणतोस, पण मी हवा खायला जात नाही. वर्षभर वाकून डिंक लावते. ते नऊ दिवस मी कुणाची ताई नाही की मॅडम नाही. तुला हे कळत नाही याचा त्रास त्या प्रमुखांपेक्षा जास्त होतो.

तरीही तुझीच,
ताई


९ एप्रिल

ति. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मला दोनदा वाचायला लावलं. चुकलो.

खरं कारण वेगळंच आहे. तू पडलीस तेव्हा इस्पितळातला फोन मी घेतला होता. तेव्हापासून तुझ्या नावाने फोन वाजला की माझं मशीन थांबतं. म्हणून विश्रामगृह. पण भीती माझी आहे, ती मी तुझ्या सॅकमध्ये भरायला नको होती.

पंधरा दिवस रोज रात्री दुकान बंद झाल्यावर हेच शिवत बसलो. पायाकडून छातीपर्यंत बंद पिशवी, वर कोयरीच्या आकाराचं तोंड, आणि त्या तोंडावर एकाच बाजूने शिवलेला रुंद पदर. आत सरकायचं आणि पदर अंगावर ओढून डाव्या खांद्याखाली खोचायचा. एक हात पुरतो. माझ्यावर, मग हिच्यावर करून पाहिलं. ही त्यातच झोपून गेली.

पार्सल सोबत आहे, जमतंय का बघ. नाही जमलं तर फेकून दे, पण कळव.
धाकटा


१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक शिवी.

आत काय सोफ्याचा कापूस भरलास? दोन किलो शंभर ग्रॅम! सॅकमध्ये ती घातली की दुसरं काही मावत नाही.

पण आकार बरोबर आहे. सहा वेळा आत गेले, सहा वेळा बाहेर आले, एकटी. सहाव्या वेळी आतच बसून थोडं रडून घेतलं.

मग तुझी बॅग काखोटीला मारून पाचव्या दुकानात गेले आणि सांगितलं की असंच हवं, फक्त हलकं. दुकानदारीणबाईंनी ती उलटसुलट पाहिली, शिवण कुणाची म्हणून विचारलं आणि वरच्या फळीवरून धूळ झटकत एक बॅग काढली. चेन नाही म्हणून कुणी घेत नाही, म्हणाल्या. तोंड तसंच, पदर तसाच, आत पिसं. अकराशे ग्रॅम. भरदुपारी गिऱ्हाइकांसमोर मी त्यांच्या फरशीवर चाळीस मिनिटं झोपले. कुशी बदलल्या. उठताना बाई हात द्यायला पुढे आल्या, मी नको म्हटलं.

उन्हाळ्यात ती पूर्ण उघडता येत नाही, तेवढी खोट आहे. घेतली.

तुझ्या फोनची भीती मला माहीत नव्हती. दर मुक्कामावरून निरोप धाडेन.
ताई


२० मे

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

निरोप मिळाले असतीलच, सातव्या दिवसापर्यंतचे. आता पुढचं ऐक.

बॅगेने चोख काम केलं. एकदा पदर निसटून खांदा गारठला, बाकी रोज सकाळी सर्वांआधी मी बाहेर, चहाचं आधण माझंच. प्रमुखही माझ्याच हातचा चहा प्यायचे. सातव्या दिवशी उतारावर गुडघा सुजला. काय संताप आला म्हणून सांगू! ज्या खांद्यासाठी दोन-अडीच महिने जीव काढला तो ठणठणीत, आणि ज्याचा विचारही केला नव्हता तो गुडघा रुसला.

प्रमुख माझ्याकडे येताना दिसले. ते तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं की मी इथून खाली उतरते, पुढची खिंड मला झेपणार नाही. ते गडबडले, सोबत कुणाला देऊ का विचारलं. मैत्रिणीला वरचा डोंगर बघायचा होता, म्हणून नको म्हटलं. काठी टेकत, सॅक माझ्याच पाठीवर घेऊन चार तासांत रस्त्याला लागले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रागाने रडले. या वेळी मला कुणी थांबवलं नाही रे. मी थांबले. त्यात इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं.

जादा टाकलेल्या रजेचे दोन दिवस उरलेत, ते काही मी घरात काढणार नाही. हे पत्र आजच कुरियरने धाडतेय, उद्या दुपारच्या गाडीने मीच तुझ्याकडे येते. वहिनीला म्हणावं, अंथरूण घालू नको, मी गच्चीवर झोपणार आहे.

भेटीत उरलेलं भांडण करू.
तुझी
ताई