शेवटच्या काळाचं टाइमटेबल

शुक्र. ५ सप्टेंबर, सकाळी ११

शेवटच्या काळाच्या टाइमटेबलचा तिसरा कागद दुसऱ्याला चिकटवत होतो आणि फोन वाजला. हाताला डिंक. हिनं उचलला आणि मला न विचारता स्पीकरवर टाकला.

यशराज. दादाचा मुलगा, कोडोलीहून. दादाच्या पोटातला कॅन्सर पसरला आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दादाचं एकच मागणं आहे, जायच्या आधी एकदा चर्चमध्ये उपदेश करायचा. पाळक तयार. पंच तयार. पण अकरा वर्षांपूर्वीची तक्रार फाइलला आहे, ती तक्रारदारानं मागे घ्यायला हवी. दोन ओळी पुरेत.

तक्रारदार मी.

यशराज म्हणाला, काका, दोनच ओळी. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तरी चालतंय.

असल्या गोष्टी मी व्हॉट्सॲपवर करत नाही. रविवारच्या आत स्वतः येऊन देतो म्हणालो. कोडोलीला दर अर्ध्या तासाला गाडी आहे. मी एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो, मला कुणी सांगायला नको.

दुपारी ३

नोंद असावी म्हणून लिहितो. दादा उपदेशात सांगत असे की शेवटच्या काळाची भाकितं इसवी सन सत्तरमध्येच पूर्ण झाली. रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं, तोच तो शेवट. पुढं वाट बघत बसण्यासारखं फारसं काही नाही. माझं मत, सगळं अजून व्हायचं आहे. सात वर्षं महासंकट, मग प्रभूचं येणं. दादा दवाखान्यात कंपाउंडर होता. बायबल मनापासून वाचतो, पण सिस्टीम नाही. मी पंचांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी त्याचा उपदेश बंद केला. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, म्हणजे मीही बोललो नाही.

शनि. ६ सप्टेंबर

सकाळी दोन ओळी लिहिल्या. सही केली. दहा मिनिटांचं काम.

पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं. तक्रार विनाअट मागे घेतली तर दादाचं मत बरोबर होतं असा अर्थ निघतो. नवा कागद घेऊन तिसरी ओळ घातली, ‘तथापि’पासून. संध्याकाळपर्यंत पाच पानं झाली. आता पत्राला वजन आलं आहे.

ही म्हणाली, अवो, त्यो मरायला लागलाय.

मी म्हणालो, म्हणूनच. मरणाऱ्या माणसाला चुकीच्या मतावर सोडून द्यायचं का?

ही भाकरी थापत राहिली.

रवि. ७ सप्टेंबर

गेलो नाही. पत्र टाइप व्हायचं आहे.

मंगळ. ९ सप्टेंबर

नुसतं पत्र पुरणार नाही. चार्ट हवा. दहा फूट बाय तीन. बायबलातल्या दानीएलाच्या भाकितांपासून शेवटापर्यंत, डावीकडून उजवीकडे, डेपोतल्या बोर्डासारखा. दादाच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावता येईल. पडल्या पडल्या वाचेल.

निःपक्षपातीपणे वर चार रकाने ठेवले आहेत. एक, सगळं होऊन गेलं (दादा). दोन, सगळं इतिहासात हळूहळू होत आलं आहे (आमच्या चर्चमधले रिटायर्ड पोस्टमास्तर. प्रत्येक युद्धाला दानीएलाच्या श्वापदाचं एक शिंग देतात). तीन, सगळं रूपक, तारीख नाहीच (कोडोलीचे पाळक. कुणाशी भांडण नको म्हणून). चार, सगळं पुढं आहे (बरोबर).

प्रसेनजीतच्या फ्लेक्सच्या दुकानात कागद दिले. तो म्हणाला, काका, जग नेमकं कधी बुडतंय ते सांगा. चौदा एप्रिलच्या आधी का नंतर? आमचा सीझन असतोय तवा.

विषयाचं गांभीर्य त्याला समजावलं. पाऊण तास. मधे त्यानं तीन गिऱ्हाइकं केली.

या आठवड्यात कोडोली नक्की.

शुक्र. १२ सप्टेंबर, दुपारी १

फ्लेक्स आला. 

महासंकटाच्या सात वर्षांपासून पार उजव्या कडेपर्यंत माझा फोटो. गळ्यापर्यंत नव्हे, कमरेपर्यंत. भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, हसताना. व्हॉट्सॲपवरून काढला. खाली ‘आमचे मार्गदर्शक मा. श्री. शांतवन भोरे (साहेब)’. वर सोनेरी अक्षरांत ‘जगाच्या अंतानिमित्त हार्दिक शुभेच्छा’. कोपऱ्यात ‘शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार’.

प्रसेनजीतला जाब विचारला. तो म्हणाला, उजवीकडं मोकळी जागा राहिलीती, काका. आणि फोटो नसला तर कोल्हापुरात फ्लेक्स वाचतंय कोण?

उजवीकडे मोकळी जागा होती कारण तिथं अनंतकाळ आहे.

तो म्हणाला, मग सांगायचं की. सोमवारनंतर दुसरा काढून देतो.

हिला दाखवला. ही हसली. दादाची बातमी आल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शनि. १३ सप्टेंबर

यशराजचा फोन. दादानं उद्यासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. मी म्हणालो, फ्लेक्स पुन्हा छापायला गेला आहे. तो म्हणाला, कसला फ्लेक्स? 

मग फोनवर दादा. अकरा वर्षांनी.

म्हणाला, शांत्या, गाडी कवाच येऊन गेली. तू अजून फलाटावर हुबा हाईस.

मी म्हणालो, लेट गाडी म्हणजे रद्द गाडी नव्हे.

तो हसला. खोकला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, व्हय बाबा, तुझं खरं. चिठ्ठी तेवढी दे.

दिवसभर अस्वस्थ. ‘तुझं खरं’ हा काही मुद्दा नाही. चिठ्ठी मिळावी म्हणून दिलेली कबुली ग्राह्य कशी धरायची? याचं लेखी उत्तर पत्रात यायला हवं.

रवि. १४ सप्टेंबर

दादा तरीही चर्चला गेला म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या बाकावर बसून परत आला. बयावहिनीनं हिला फोनवर सांगितलं.

मला सकाळपासून ॲसिडिटी. प्रवास शक्यच नव्हता.

गुरु. १८ सप्टेंबर

नवा फ्लेक्स, फोटोविना. दोन्ही शेजारी पसरून पाहिले. नवा ओका ओका वाटतो. फोटो असलेला नजर धरून ठेवतो हे मान्य करायला हवं. फोटो बराच आला आहे.

पत्र चौदा पानं. आता फक्त फाइन ट्यूनिंग.

शनि. २० सप्टेंबर

ही सकाळी पिशवी भरून उभी. म्हणाली, मी जातो एकटी. द्या ती चिठ्ठी.

फायनल नाही म्हणालो. ही तशीच गेली. मी तिला साडेनऊची धर, नऊची कायम भरून येते, असं सांगितलं. ती नऊच्याच गाडीनं गेली.

सहाला परत. दादाला आता धरून बसवावं लागतं. पाणी चमच्यानं.

मी विचारलं, वहिनी माझ्याबद्दल काय म्हणाली?

काय बी इचारलं न्हाय.

मी विचारलं, दादानं चार्टबद्दल विचारलं का?

हिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

सोम. २२ सप्टेंबर

आज घटस्थापना. अंबाबाईला येणाऱ्यांची स्टँडवर तुफान गर्दी. आजच्या दिवशी एसटीनं निघणं मूर्खपणा, हे खात्यातल्या माणसाला कळतं.

शिवाय आणखी एक. यूट्यूबवर आफ्रिकेतला कुणी माणूस उद्याची तारीख सांगतो आहे. उद्या प्रभू आपल्या लोकांना न्यायला येणार. पोस्टमास्तरांनी लिंक पाठवली. माझा तारखांवर विश्वास नाही. तारखा सांगणारे आजवर सगळे तोंडावर पडले. मी लिंक तीन वेळा पाहिली ती केवळ चुका शोधायला.

पण व्यवहार म्हणून विचार केला. उद्या खरंच तसं झालं तर पत्राची गरजच उरणार नाही. दादा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. दोघंही वर भेटू. कुणी कुणाला काही म्हणायला नको. तेव्हा एक दिवस थांबणं शहाणपणाचं.

मंगळ. २३ सप्टेंबर

६.०० उठलो. दाढी. पांढरा शर्ट.

७.३० हिनं विचारलं, कोडोलीला निघालाय व्हय? चेहरा उजळला होता तिचा. मी नाही म्हणालो.

१.०० जेवण. नेहमीचं.

४.०० यरुशलेम आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे. म्हणजे तिथं आत्ताशी दीड. घाई करून निष्कर्ष नको.

७.४५ हिनं आमटी गरम केली. जेवायला या म्हणाली. गेलो.

बुध. २४ सप्टेंबर

दूधवाला वीस मिनिटं उशिरा आला. त्या वीस मिनिटांत मी गॅलरीतून रस्ता बघत होतो. रस्त्यावर कुणीच नव्हतं. वाटलं, नेलं सगळ्यांना, मी राहिलो. मग खाली मोटरसायकल वाजली.

चहा घेताना मनात आलं, दादाचं बरोबर असलं तर? सगळं होऊन गेलेलं असलं तर? मग मी वाट कशाची बघतो आहे?

दुसरा कप घेतला. असे विचार रिकाम्या पोटी येतात.

शनिवारी जायचं. चौदा पानांसह. फ्लेक्सचं बघू.

शनि. २७ सप्टेंबर, संध्या. ६, कोडोली

आलो. ही बरोबर. पाइपावर गुंडाळलेला फ्लेक्स ड्रायव्हरनं आत घेऊ दिला नाही. ओळख सांगितली. तो म्हणाला, पावणं, रिटायर झालासा न्हवं? मग खाली उतरा नाहीतर त्यो पाइप तरी खाली ठेवा. स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवला.

आधी पाळकांकडे. फाइल दिली. त्यांनी वरचा कागद काढला, तो पहिल्या दिवशीचा, दोन ओळी आणि सही. तो वर कसा आला कळेना. ही खिडकीबाहेर बघत होती. पाळक म्हणाले, एवढं पुरे, शांतवनकाका. बाकीची तेरा-चौदा पानं मला परत दिली. न वाचता. मी म्हणालो, संदर्भासाठी राहू देत. ते म्हणाले, नको.

मग दादा.

पलंगावर आहे असं आधी वाटलंच नाही. चादर सपाट दिसली. हात हातात घेतला, त्याला वजन नाही. बयावहिनीनं खुर्ची दिली आणि चहा ठेवायला गेली. मी खुर्चीत बसून खोली पाहिली. पलंगासमोरची भिंत नऊ फूटच आहे.

दादाला आता उठून बसता येत नाही. आवाजही नाही, नुसता वारा. म्हणाला, चिठ्ठी दिलीस? दिली म्हणालो. म्हणाला, झालं तर मग.

उशीखालून एक कागद काढायला लावला. त्याचा उपदेश. तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलेला. म्हणाला, उद्या तू वाच. फकस्त वाच. मधी तुझं काय घालू नगंस.

शब्द दिला.

यशराज म्हणाला, मी फोन चालू ठेवून पुढं बसतो, आमच्या आण्णास्नी हितं ऐकू येईल.

बाहेर कट्ट्यावर बसून कागद दोनदा वाचला. सत्तर साल शोधत होतो. नाही. रोम नाही, मंदिर नाही, भाकितांचा एक शब्द नाही. एक पानभर, कंपाउंडरच्या अक्षरात. आजारपणात घरी येऊन बसलेल्या लोकांची नावं आहेत. कुणी पेज आणली, कुणी पाय चेपले, पारूबाईनं कुठलं गाणं म्हटलं. आणि शेवटी एका ठिकाणी माझं नाव. माझा भाऊ शांतवन याच्यावर मी अकरा वर्षं राग धरला, त्याबद्दल मंडळीसमोर त्याची क्षमा मागतो, असं.

विषयाशी संबंध नाही.

तरी वाचेन. जसाच्या तसा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पाच मिनिटांचं काम.

रवि. २८ सप्टेंबर, कोडोली

उपासना साडेनऊला. तेवीस माणसं. गाणी आणि प्रार्थना झाल्यावर दहाला मला बोलावलं. कागद एकदम वाचला तर लोकांना पार्श्वभूमी कळणार नाही म्हणून दानीएलापासून थोडी सुरुवात केली. यशराज दहा वाजून वीस मिनिटांनी फोन कानाला लावून बाहेर गेला. ही मागून हात करत होती. मोठ्यानं बोला म्हणत असेल असं वाटलं. आवाज वाढवला. सव्वाअकराला पाळक उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी सांगितलं. दादा दहा वाजून वीस मिनिटांनी गेला. कागद वाचायचा राहिला.